दुखत नाही, मग दवाखाना कशाला?

शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं आहे. टेबलावर रक्तदाब मोजायचं यंत्र आहे, साखर तपासायच्या पट्ट्या आहेत आणि एक जाड वही आहे. आतल्या वर्गात दोरी बांधून तिच्यावर चादर टाकली आहे. बायकांच्या तपासणीसाठी केलेला हा आडोसा. आदल्या रात्री देवळाच्या भोंग्यावरून दोनदा पुकारून झालं. आता साडेअकरा वाजले. आले कोण? पेन्शनीतले दोन गुरुजी, सरपंच, आणि पारावर बसणारी चार म्हातारी माणसं. दर शिबिरात त्यांचा रक्तदाब मोजून होतो.

आणि आलं नाही कोण? सकाळी सातलाच कांद्याच्या खुरपणीला गेलेली बाई आली नाही. दिवसातून तीन वेळा मशेरी लावणारी तिची सासू आली नाही. गालात तंबाखूची गोळी धरून दिवसभर ट्रॅक्टर हाकणारा गडी आला नाही. ज्यांच्यासाठी हे टेबल मांडलं, ती माणसं टेबलापर्यंत पोचलीच नाहीत. संध्याकाळी वहीत त्यांच्या नावापुढं दोन शब्द पडतात : 'आले नाहीत.'

मंडळी, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात असं शिबिर तुम्ही कुठं ना कुठं पाहिलं असेल. आणि शिबिर उठल्यावर कुणी तरी म्हणालेलंही ऐकलं असेल, की लोकच अडाणी, त्यांना आपलं हित कळत नाही. हे म्हणायला सोपं आहे. पण मला आज तुमच्यापुढं वेगळं मांडायचं आहे. न येणाऱ्या माणसाजवळ बहुतेक वेळा कारण असतं, आणि त्याच्या जागी आपण असतो तर तेच कारण आपल्यालाही पटलं असतं. ते ऐकून घेतल्याशिवाय भोंग्याचा आवाज कितीही वाढवला, तरी रांग वाढायची नाही.

पहिलं कारण विचारून पाहा. खुरपणीहून परतणारी बाई सांगेल, "आवं मास्तर, मला काय धाड भरलीय? सकाळधरनं चार वाफे खुरपून आले. दुखतंय खुपतंय त्यानं जावं दवाखान्यात."

तिचं बोलणं खोटं नाही. आपण सगळेच दुखल्यावर दवाखान्याची वाट धरतो. तेही लगेच नाही. आधी दोन दिवस अंगावर काढतो, मग घरचा काढा, मग मेडिकलच्या दुकानातली गोळी, आणि अगदीच भागलं नाही तर डॉक्टर. पण काही दुखणी अशी आहेत, की ती दुखतच नाहीत. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. रक्तातली साखर वाढू लागली तरी सुरुवातीची काही वर्षं ती दुखत नाही. तोंडात गालाच्या आतल्या बाजूला उठलेला पांढरा चट्टा दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाशी कॅन्सरच्या आधीचे जे बदल होतात, त्यांना कॅन्सरचं रूप यायला साधारणपणे दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि एवढ्या काळात त्या बाईला काहीसुद्धा जाणवत नाही. जाणवू लागतं तेव्हा उशीर झालेला असतो.

शेवगाव-पाथर्डीकडच्या कापूसवाल्यांना हे मी काय सांगावं! गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते. बाहेरून बोंड हिरवंगार आणि भरलेलं दिसतं. बोंड फुटून कवडी कापूस हाती आल्यावर अळी दिसली, तर तिचा उपयोग काय? म्हणून शहाणा शेतकरी पीक निरोगी दिसत असतानाच रानात कामगंध सापळे लावतो, आणि सापळ्यात पतंग किती पडले ते मोजतो. त्याच्या पिकाला काही झालं आहे म्हणून तो सापळा लावत नाही. काही होऊ नये म्हणून लावतो. शरीराची पूर्वतपासणी म्हणजे हाच सापळा. धडधाकट माणसानंच ती करायची असते.

आपला देश यात किती मागे आहे ते एका आकड्यावरून कळेल. २०१९ ते २०२१ या काळात देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या बायका शेकडा १.९ निघाल्या. म्हणजे शंभरात दोनसुद्धा नाहीत. तोंडाची आणि स्तनांची तपासणी झालेल्या तर शंभरात एकही भरत नाही.

आता दुसरं कारण. 'फुकट तपासणी' असं फलकावर लिहिलेलं असतं. पण मजुरी करणाऱ्या बाईला ती फुकट पडत नाही, एका दिवसाच्या रोजाला पडते. आणि काही गावांत तर शिबिर भरतं तेव्हा गावात माणूसच नसतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर. तिथं एक दिवस काम बुडालं की खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. अशा बाईसाठी जानेवारीत गावी शिबिर भरवायचं आणि मग ती आली नाही म्हणायचं, हा कोणता न्याय? तीच तारीख दसऱ्याच्या आधी धरली असती तर?

तिसरं कारण लाजेचं. ते बायका उघड बोलत नाहीत, म्हणून वहीत येत नाही. चादरीचा आडोसा शिबिराच्या दृष्टीनं पुरेसा असेल, पण पलीकडच्या खिडकीत पोरं लोंबकळत असतात. तपासायला कोण आहे, बाई की पुरुष, हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. आणि वही लिहायला बसलेली मुलगी भावकीतली असते. तिला जे कळलं ते संध्याकाळपर्यंत साऱ्या वाड्यात कळेल, ही धास्ती काही वेडी नाही. गावात गुपित किती टिकतं हे तुम्ही-आम्ही जाणतोच.

चौथं कारण भीतीचं, आणि त्याच्यावर मला थोडं थांबायचं आहे. 'लोक उगाच भितात' असं आपण म्हणतो. पण भीतीलाही इतिहास असतो. १८९७ साली पुण्यात प्लेग झाला तेव्हा गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून झडत्या घेतल्या, माणसं उचलून छावणीत नेली. रोगी लपवून ठेवायला लोक तेव्हा शिकले. देवीची लस टोचणारा आला की आया पोरांना कणगीआड दडवायच्या, हे जुन्या माणसांनी सांगितलेलं तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. आणीबाणीत, एकट्या १९७६-७७ या वर्षात, देशात ८२ लाखांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्यांतल्या कितीतरी धाकदपटशानं. 'सरकारी शिबिर' या शब्दाला तेव्हापासून जो वास लागला तो अजून पुरता गेलेला नाही.

आणि इतकं मागं कशाला जायचं? शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या पुष्कळ बायकांच्या गर्भपिशव्या ऐन तरुणपणीच काढल्या गेल्याचं २०१९ साली उघडकीला आलं. कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन करायला लावलं, असं त्यांतल्या अनेकींनी सांगितलं. शासनाला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. जामखेड-पाथर्डीच्या बाईची मावशी नाही तर नणंद त्या गावांत असते. तिनं उद्या म्हटलं, "तपासायला गेलं की पिशवी काढायला सांगत्यात," तर तिला अडाणी म्हणायचं कोणत्या तोंडानं? तिला एवढंच नीट समजावून सांगायला हवं, की या तपासणीत काही कापत नाहीत आणि काही काढत नाहीत. व्हिनेगरसारखं पातळ आम्ल कापसाच्या बोळ्यानं गर्भाशयाच्या मुखाला लावतात, एक मिनिट थांबतात, आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहतात. काम काही मिनिटांचं आहे. डाग उठला म्हणजे कॅन्सर झाला, असंही नव्हे. पुढची तपासणी करायची, आणि गरज असेल तर तेवढीच जागा शेकून बरी करायची. त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

पाचवं कारण सर्वांत खोल आहे. पुरुषमाणसं ते हसण्यावारी नेतात, पण असतं त्यांच्याही मनात : "आणि काही निघालं तर?" पोरीचं लग्न ठरायचं आहे, कांद्याला भाव नाही, सोसायटीचं कर्ज थकलं आहे, अशात आजार निघाला तर करायचं काय? आपला जिल्हा महाराष्ट्रात क्षेत्रफळानं सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला नगरचं जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरांहून लांब पडतं. पुढची वाट दिसत नसेल तर माणूस मागची दारं लावून घेतो. न कळलेलं बरं, असं त्याला वाटतं. त्यात मागच्या शिबिरात रक्त घेऊन गेले आणि निकाल सांगायला कुणी परत आलंच नाही, असा अनुभव गाठीशी असेल, तर तो पुन्हा हात कशाला पुढं करील?

मग यातून वाट आहे की नाही? आहे. ती आपल्याच जिल्ह्यात पन्नास वर्षांपूर्वी काढून झालेली आहे.

१९७० साली डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे पतिपत्नी जामखेडला आले. रजनीकांत याच जिल्ह्यातले, शिक्षकाच्या घरातले. दोघांचं वैद्यकीय शिक्षण वेल्लोरला झालेलं, पुढं अमेरिकेतही शिकून आलेले. आल्या आल्या त्यांना दिसलं ते हे, की लोकांना आरोग्य नको होतं. लोकांना पाणी हवं होतं आणि पोटाला हवं होतं. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. तेव्हा त्यांनी आधी विंधनविहिरी घेण्याचं आणि पोरांना खाऊ घालण्याचं काम केलं. विहिरी दलितवस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी साऱ्या गावाला तिथं यावं लागलं. मग गावांनीच आपापली एकेक बाई निवडून दिली. या बाया बहुतेक लिहिता-वाचता न येणाऱ्या, पुष्कळशा दलित समाजातल्या. त्यांना दर आठवड्याला जामखेडला बोलावून शिकवायचं, आणि त्यांनी गावात जाऊन घरोघर तेच सांगायचं, तपासायचं, अशी ही रीत.

कुष्ठरोगाचंच पाहा. त्या काळी कुष्ठरोगाची गाडी गावात आली की ज्यांच्या अंगावर चट्टा तेच आधी रानात पळायचे. गाडी ज्या दारात थांबली त्या घराची सोयरीक मोडायची. जामखेडनं या रोगाचं काम वेगळं न ठेवता रोजच्या आरोग्यकामातच मिसळून टाकलं. पोराचं वजन करायला, बाळंतिणीची विचारपूस करायला आलेली ओळखीची बाई जाता जाता अंगावरचा चट्टाही पाहून जाऊ लागली. लपायचं कारणच उरलं नाही.

याचं फळ काय मिळालं? १९७१ मध्ये त्या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ बाळं वर्षाच्या आत जात होती. पुढच्या पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ मध्ये आणि रजनीकांत २०११ मध्ये निवर्तले, पण त्यांनी घालून दिलेला धडा अजून ताजा आहे. बोलावणारं माणूस आपलं असेल, ते बारा महिने गावात असेल, आणि आपल्या आधीच्या गरजेला धावून आलेलं असेल, तर माणसं येतात.

आता जामखेडची शीव ओलांडून पलीकडं जाऊ. भूम, परांडा हे तालुके धाराशिव जिल्ह्यातले. तेव्हा त्याचं नाव उस्मानाबाद होतं. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयानं आणि मुंबईच्या टाटा रुग्णालयानं परदेशी शास्त्रज्ञांच्या सहकार्यानं त्या जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. तीन गटांत तीन निरनिराळ्या तपासण्या केल्या आणि चौथ्या गटात तपासणीची मोहीम नेली नाही. आठ वर्षांनंतर हिशेब मांडला. ज्या गटात कॅन्सर आणणाऱ्या विषाणूची तपासणी एकदाच केली होती, त्यातल्या ३४,१२६ बायकांपैकी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं ३४ गेल्या. तपासणी नसलेल्या गटातल्या ३१,४८८ पैकी ६४ गेल्या. चौथ्या गटाला तपासणीवाचून ठेवलं यावर पुढं टीकाही झाली, आणि ती होणं रास्तच होतं. पण एका तपासणीनं मरण जवळजवळ निम्म्यावर येतं हे साऱ्या जगाला कळलं ते आपल्या शेजारच्या बायकांमुळं. मुंबईच्या वस्त्यांमध्येही टाटा रुग्णालयानं असंच काम केलं. तिथं डॉक्टर नव्हे, तर चार आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका व्हिनेगरची साधी तपासणी दर दोन वर्षांनी करीत. त्यानंही या कॅन्सरचे मृत्यू शेकडा ३१ नी घटल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं.

उस्मानाबादच्या अभ्यासात आपल्या कामाची आणखी एक गोष्ट आहे. तीन गटांत मिळून सुमारे एक लाख बायकांना बोलावलं होतं, त्यांतल्या सुमारे ७९ हजार आल्या. खेड्यांतल्या बायका येत नाहीत म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. शंभरात एकोणऐंशी! आणि ज्या आल्या नाहीत, त्या कोण होत्या तेही अभ्यासकांनी पाहिलं. वयानं मोठ्या बायका, शाळा कमी पाहिलेल्या बायका आणि नवरा नसलेल्या बायका मागे राहिल्या होत्या. म्हणजे जिला 'जाऊन ये गं' म्हणणारं घरात कुणी नाही, तीच मागे राहिली. उलट कुटुंबनियोजनाचा उपाय केलेल्या बायका जास्त आल्या. मी याचा अर्थ असा लावतो : जी एकदा दवाखान्यात जाऊन सुखरूप घरी आली, तिला दुसऱ्यांदा उंबरा उंच वाटत नाही.

सुधारलेल्या देशांतही हे आपोआप झालेलं नाही. इंग्लंडमध्ये ही तपासणी कितीतरी वर्षं चालू होती, पण जी येईल ती येईल अशी स्थिती होती. १९८८ मध्ये प्रत्येक बाईला तिच्या नावानं पत्र धाडून बोलावण्याची आणि ठरलेल्या मुदतीनं पुन्हा बोलावण्याची पद्धत सुरू झाली. शंभरात ४२ बायकांची तपासणी होत होती, ती १९९४ पर्यंत ८५ वर गेली. तीच बाई आणि तीच तपासणी. फक्त बोलावणं नावानं झालं. भोंगा सगळ्यांना बोलावतो, म्हणून त्याचं बोलावणं कुणालाच लागत नाही. लग्नाचं आवतणसुद्धा आपण दारी जाऊन अक्षता देऊन करतो, नाही का?

आज आपल्याकडे सोय नाही असं नाही. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची माहिती भरून घ्यायला गावात आशाताई आहे. उपकेंद्रावर, म्हणजे आजच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर, आणि पाच वर्षांतून एकदा तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी करायची, असा नियम आहे. मोठा आजार निघाला तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. टेबल मांडलेलं आहे. त्याच्यापर्यंतची वाट तेवढी साफ करायची आहे.

गुरुजी आणि बाई, इथं तुमचं काम पडतं. शिबिर बहुधा तुमच्याच शाळेत भरतं. तेव्हा ज्या खोलीला आतून कडी आहे ती खोली बायकांच्या तपासणीला द्या, आणि खिडक्या लावून घ्या. तारीख ग्रामसभेत ठरवायला सांगा : ऊसतोडीला माणसं जाण्याआधीची, बाजारचा दिवस सोडून, आणि जमल्यास संध्याकाळची. तपासायला बाई असेल की नाही, ते आधी विचारून घ्या आणि तसं बायकांना कळवा. मुलांच्या तोंडी भीतीच्या घोषणा देऊ नका. घाबरलेलं माणूस तपासणीपासून आणखी लांब पळतं.

आणि घरी बसून हे ऐकणाऱ्या-वाचणाऱ्या माझ्या शेतकरी भावांनो आणि बहिणींनो, तुम्हाला 'डोळे मिटून जा' असं मी सांगणार नाही. डोळे उघडे ठेवून जा. चार प्रश्न विचारा. ही कशाची तपासणी? हिला वेळ किती लागणार? निकाल मला कोण आणि कधी सांगणार? आणि काही निघालं तर मी पुढं कुठं जायचं, माझ्याबरोबर कोण येणार? या चार प्रश्नांची उत्तरं देणं हे बोलावणाऱ्याचं कर्तव्य आहे. ती मिळाली, तर मात्र एवढं लक्षात ठेवा, की दुखत नाही हेच जाण्याचं कारण आहे. घरच्या कारभारणीला पाठवा, विधवा वहिनीला सोबत द्या, म्हातारीला मोटारसायकलवर बसवून न्या. आणि तंबाखू मळता मळता हे वाचत असाल, तर आरशापुढं तोंड उघडून गालाच्या आत एकदा पाहा. पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तर दुखण्याची वाट पाहू नका.

शेवटी एक लहानशी सूचना. शिबिराच्या त्या जाड वहीत 'आले नाहीत' यापुढं आणखी एक रकाना आखावा. त्याच्यावर लिहावं : 'का?' आणि दुसऱ्या दिवशी आशाताईनं, गुरुजींनी किंवा शेजारणीनं त्या त्या घरी जाऊन, न रागावता, चहाचा कप हाती घेऊन तो रकाना भरावा. कुठं मजुरी निघेल, कुठं लाज, कुठं मावशीच्या ऑपरेशनची आठवण. पुढच्या शिबिराची तयारी त्या रकान्यापासून सुरू करावी. मग खुरपणीहून परतणारी ती बाई डोईवरची पाटी शाळेच्या ओट्यावर उतरवून म्हणेल, "बघा मग माझंबी. पण दार लावून घ्या आधी."